‘छान बातमी!’ कुणी लिहिलं? पुण्यातल्या ब्रँड आणि कंटेंट विभागांना खुलं पत्र

प्रति,
मार्केटिंग, ब्रँड आणि कंटेंट विभागांचे प्रमुख,
बाणेर, बालेवाडी, खराडी, हिंजवडी, मगरपट्टा
आणि पेठांतून तिकडे गेलेले इतर सर्व

विषय: तुमच्या मराठी मेसेजमधला माणूस

स.न.वि.वि.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी ओळखते. निम्मे मला ताई म्हणतात, उरलेल्यांनी माझी बिलं तीन-तीन महिने अडवली आहेत. २२ वर्षं मी या शहरात मराठी मजकूर लिहून पोट भरते. आधी वर्तमानपत्रातल्या जाहिराती, मग माहितीपत्रकं, मग फोनवरचं ‘मराठीसाठी दोन दाबा’, आणि गेली दहाएक वर्षं मुख्यतः ॲपमधली बटणं, नोटिफिकेशन आणि एसएमएस. तेव्हा हे पत्र बाहेरून दगड मारणाऱ्या बाईचं आहे असं समजू नका. पहिला दगड माझ्यावरच पडणार आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आत्याच्या बायोप्सीचा रिपोर्ट यायचा होता. आम्ही दोघी रिक्षात, नळ स्टॉपला पुलाखाली सिग्नलवर अडकलेल्या. तिचा फोन वाजला. तिने पर्समधून चष्मा काढला, मेसेज वाचला आणि माझा हात घट्ट धरला. म्हणाली, “सुटले बाई. म्हणजे काही नाही ना गं?”

मेसेज असा होता: ‘छान बातमी! तुमचा रिपोर्ट तयार आहे.’ खाली लिंक.

मी म्हटलं, “आत्या, ते फक्त रिपोर्ट तयार आहे म्हणतायत.”

“मग छान बातमी कसली?”

आत्या शाळेत मराठी शिकवायची. सगळा जन्म मुलांच्या वहीत ‘हे इथे का?’ असं लाल शाईने लिहिण्यात गेला. प्रश्न रास्त होता आणि उत्तर मला माहीत होतं, कारण ते वाक्य मी लिहिलेलं होतं. रिपोर्टात काय निघालं हे या पत्राचा विषय नाही. लिंक उघडेपर्यंतची चार मिनिटं मात्र विषय आहेत. सिग्नल सुटला, रिक्षा निघाली आणि ती बाई तेवढा वेळ माझ्या शब्दावर विश्वास ठेवून बसली होती.

ते वाक्य कसं जन्माला आलं ते सांगते. तुमच्यातल्या जुन्या लोकांना मार्च २०२१ आठवत असेल. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१८ च्या नियमांनुसार कंपन्यांनी पाठवायच्या मेसेजचा मजकूर आधी टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी नावाच्या नोंदणी व्यवस्थेत नोंदवायचा. ठराविक शब्द पक्के, नाव, रक्कम, तारीख एवढ्याच जागा मोकळ्या. हे सगळं बरेच दिवस कागदावर होतं. त्या मार्चमध्ये नोंदणीशी न जुळणारे मेसेज खरोखरच अडवायला सुरुवात झाली, देशभर ओटीपी अडकले, आणि ट्रायला आठवडाभर ती छाननी थांबवावी लागली. त्या आठवड्यात ज्याने त्याने मिळेल तो मजकूर उचलून नोंदवला. एका लॅबची एक्सेल शीट माझ्याकडे रात्री साडेनऊला आली आणि सकाळी नऊला हवी होती. वर सूचना: ‘टोन वॉर्म आणि फ्रेंडली ठेवा.’ मूळ इंग्रजीत ‘गुड न्यूज’ असं होतं. रात्रीच्या दीडला मी त्याचं ‘छान बातमी’ केलं आणि पुढच्या ओळीवर गेले. नशीब, ‘गोड बातमी’ नाही लिहिलं.

इंग्रजीत ‘गुड न्यूज’ हे असल्या ठिकाणी नुसतं खाकरणं असतं. बोलण्याआधी घसा साफ करावा तसा. मराठीत बातमी छान म्हटली की ऐकणारा विचारतो, काय झालं? पेढे कशाचे? एवढं मला दीड वाजताही कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण तो मेसेज कुणाला जाणार याचा चेहरा माझ्यासमोर नव्हता. शीटमध्ये त्या माणसाच्या जागी कंसात ‘व्हेरिएबल’ असं लिहिलेलं होतं.

आणि एकदा नोंदवलेलं वाक्य मरत नाही, ही खरी मेख आहे. ते बदलायचं म्हणजे नवी नोंदणी, नवी मंजुरी, सिस्टीममध्ये नवा क्रमांक. कोण करतंय? त्या लॅबमधल्या ज्या मुलाने मला शीट पाठवली तो नोकरी बदलून बेंगळुरूला गेला. त्याच्या साहेब निवृत्त झाल्या. माझं बिल मिळालं, मी विसरले. वाक्य मात्र रोज सकाळपासून रात्रीपर्यंत लोकांच्या खिशात वाजतंय. त्याला मालक नाही. हल्ली पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी एक अक्षर येतं, मेसेज प्रचाराचा, सेवेचा, व्यवहाराचा की सरकारी ते सांगणारं. मेसेज कुठल्या जातीचा ते कळतं. कुणाचा, ते आतल्या लोकांनाही माहीत नसतं.

आता तुम्ही म्हणाल, जागाच कुठे असते? खरं आहे. इंग्रजी एसएमएसला १६० अक्षरं मिळतात, देवनागरीला ७०. त्यापुढे गेलात की दोन मेसेजचे पैसे. त्यातही यंत्र काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं सुटं मोजतं. ‘क्षमस्व’ डोळ्याला तीन अक्षरं दिसतात, यंत्राच्या हिशेबी सात. ‘सॉरी’ चारात बसतं. (मराठी मेसेजांत क्षमा कमी आणि सॉरी जास्त का असतं, याचं मला सापडलेलं हे एकमेव सभ्य कारण.) पण माझ्या वाक्याला ही सबब लागू होत नाही. ‘तुमचा रिपोर्ट तयार आहे.’ हे २३ मध्ये बसतं. ‘छान बातमी!’ आणि पुढची मोकळी जागा मिळून आणखी ११. जागा उरली होती म्हणून मी माणुसकी भरली. बाजारातली माणुसकी होती, पिशवीतून आणलेली.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी तुमच्या एका मीटिंगमध्ये नीट मांडू शकले नव्हते, म्हणून इथे मांडते. मजकुरात माणूस दिसतो तो गोड शब्दांमुळे नाही दिसत. लिहिणारा जवळपास कुठेतरी बसलेला असतो, आणि चुकलं तर त्याला गाठता येतं, म्हणून दिसतो.

आमच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे. मागच्या उन्हाळ्यात दिवसभर वीज गेली, तेव्हा गिरणीवाल्या काकांनी पाटीवर खडूने लिहिलं: ‘वीज नाही. डबे ठेवून जा. डब्यावर नाव लिहा. सातनंतर या. केव्हा येईल विचारू नये, आम्हीही अंधारातच आहोत.’ त्याच आठवड्यात माझं पैसे भरायचं एक ॲप बंद पडलं. त्यावर आलं: ‘अरेरे! काहीतरी चुकीचे घडले. तुमच्या संयमाची आम्ही प्रशंसा करतो.’ माझ्या संयमाची प्रशंसा! मी काय शाळेत पहिला नंबर काढला? पैसे कापले गेले की नाहीत, पुन्हा दाबू की नको, किती वेळाने येऊ, यातलं एकही उत्तर त्यात नाही. काकांच्या पाटीत चार कामाच्या गोष्टी आहेत आणि एक टोमणा. टोमणा सहन होतो, कारण काम आधी झालेलं आहे. शिवाय काका स्वतः तिथे स्टुलावर बसलेले आहेत, ज्याला भांडायचंय त्याने भांडावं.

पुणेरी पाटीचं एवढं कौतुक होतं त्याचं मूळ मला यातच दिसतं. लोक तिला खवचट म्हणतात, आहेच. पण ‘आमची कोठेही शाखा नाही’ हे वाचून कुणाला असं वाटत नाही की हे एखाद्या कमिटीने मंजूर केलंय. २०१७ साली चितळे बंधूंनी दुकान दुपारीही उघडं ठेवायचं ठरवलं तर त्याची बातमी झाली. ‘१ ते ४ बंद’ ही काही घोषणा नव्हती, साधी वेळ होती, पण ती पाळली गेली म्हणून लोकांच्या तोंडी बसली. हल्ली तुम्ही लोक मुद्दाम पुणेरी पाट्यांच्या जाहिराती करता. होर्डिंगवर भगव्या-पिवळ्या चौकटीत तिरकस वाक्य, खाली क्यूआर कोड. हसू येतं, नाही असं नाही. मग फोन लावला की ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ आणि सनईची ट्यून. खवचटपणा उचललात, काका मात्र गिरणीतच राहिले.

तुमच्या ‘ब्रँड व्हॉइस’च्या फाइली माझ्याकडे ढिगाने आहेत. चांगल्या केलेल्या असतात, रंगीत. एकीत लिहिलं होतं, ‘आम्ही एखाद्या हुशार मित्रासारखे बोलतो.’ चाळीसच्या वर पानं, सगळी इंग्रजीत, आणि मराठीसाठी शेवटी एक ओळ: ‘प्रादेशिक भाषांसाठी योग्य तो बदल करावा.’ तो योग्य बदल करायला मी बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले. मित्र ‘तू’ म्हणतो. विमा कंपनीने माझ्या आत्याला ‘तू’ म्हणावं? ‘तुम्ही’ म्हटलं की मित्र संपला. ‘आपण’ म्हटलं की तहसीलदार आला. बरं, ‘तू’ निवडलं तरी सुटका नाही. ‘तू आलास’ की ‘तू आलीस’, हे ॲपला कुठे माहीत? मराठीत तोंड उघडलं की समोर कोण आहे ते ठरवावंच लागतं. तुमची फाइल ते ठरवायचं टाळते, आणि मग आम्ही अनुवादक कर्मणी प्रयोगाच्या मागे लपतो. ‘विनंती स्वीकारण्यात आली आहे.’ कुणी स्वीकारली? कुणीच नाही. आपोआप झालं.

याच भाषेने तुम्हाला एक देणगी दिली आहे, तीही तुम्ही पायाखाली तुडवता. इंग्रजीत ‘वी’ एकच. आपल्याकडे ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. आम्ही म्हणजे तुम्हाला वगळून, आपण म्हणजे तुम्हाला धरून. लहान मूलही यात चुकत नाही. ‘आम्ही सिनेमाला चाललोय’ म्हटलं की धाकटी रडते, ‘आपण चाललोय’ म्हटलं की चपला घालते. कोविडच्या काळात एका ॲपने मला कळवलं होतं, ‘या कठीण काळात आम्ही एकत्र आहोत.’ वा. छान. राहा एकत्र. आम्ही घरात बसतो.

किराणा पोचवणाऱ्या एका ॲपचा मेसेज येतो, ‘आम्हाला तुमची खूप आठवण येते’, पुढे रडका चेहरा. मी महिनाभर गावाला गेले होते. परत आल्यावर कोपऱ्यावरचे दुकानदार म्हणाले, “काय वहिनी, बरेच दिवसांत फिरकला नाहीत? तुमचे जाडे पोहे आणून ठेवलेत.” आठवण हा शब्द त्यांनी काढला नाही. पोहे काढले. तुमच्याकडे माझ्या मागच्या तीन वर्षांच्या याद्या आहेत, पोहे जाडे की पातळ ते त्यांच्याइतकंच तुम्हालाही ठाऊक आहे, आणि सांगताय काय, तर आठवण येते.

माझे पहिले साहेब नारायण पेठेत दोन खोल्यांत एजन्सी चालवायचे. त्यांचा नियम होता: जाहिरात लिहायच्या आधी एक अख्खा दिवस दुकानात बसायचं. काउंटरच्या आत. मला पहिलं काम मिळालं ते लक्ष्मी रस्त्यावरच्या एका साडीच्या दुकानाचं. दिवसभरात मालक प्रत्येक बाईला साडी घडी घालून देताना एकच वाक्य म्हणत: “पहिल्या दोन धुण्यांत थोडा रंग जाईल हं, वेगळी धुवा.” मी संध्याकाळी ‘परंपरेचे रेशमी बंध’ वगैरे लिहून नेलं. साहेबांनी ते बाजूला ठेवलं आणि विचारलं, मालक काय म्हणत होते? मी सांगितलं. त्यांनी तेच मोठ्या टायपात छापलं: ‘पहिल्या दोन धुण्यांत थोडा रंग जाईल.’ जाहिरात गाजली वगैरे काही नाही. बायका येऊन “ती रंग जाणारी साडी दाखवा” म्हणायला लागल्या, मालक वैतागले आणि पुढची जाहिरात दुसऱ्या एजन्सीला गेली. साहेब म्हणाले, जाऊ दे. मला मात्र त्या दिवसापासून खोड लागली की लिहायच्या आधी विचारायचं, ही गोष्ट हा माणूस समोरासमोर कशी सांगेल? मार्च २०२१ च्या त्या रात्री मी तेवढंच विचारलं नाही.

यंत्राबद्दल बोलायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल ताई मुद्द्याला बगल देतात. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि तेव्हापासून माझं काम लिहिण्याऐवजी ‘नजर टाकणं’ झालं आहे. माझा राग यंत्रावर नाही. यंत्र येण्याच्या कितीतरी आधी आम्हीच तसं लिहायला लागलो होतो, त्याने ते आमच्याकडूनच उचललं. यंदा पाडव्याच्या आधी तुमच्यातल्याच एका एजन्सीतल्या मुलाने मला ६० पोस्ट पाठवल्या, “ताई, फक्त शुद्धलेखन बघा.” शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं होतं. टाइल्सवाले, हॉस्पिटल, क्लासवाले, सगळ्यांची गुढी ‘उंच स्वप्नांची’ होती. फरक खालच्या लोगोचा. मी त्याला विचारलं, “हे हॉस्पिटल पाडव्याला ओपीडी चालू ठेवणार आहे का?” त्याला माहीत नव्हतं. त्याच्या साहेबांना माहीत नव्हतं. शेवटी त्याने हॉस्पिटलच्या रिसेप्शनला फोन लावला: ओपीडी बंद, इमर्जन्सी चालू. मग आम्ही दोघांनी मिळून लिहिलं, ‘पाडव्याला ओपीडी बंद. इमर्जन्सी चालू. श्रीखंड बेताने.’ त्यांच्या कायदा विभागाने श्रीखंड काढलं. बाकीचं गेलं. मुलगा खूश होता, कारण आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या पोस्टखाली कुणीतरी काही विचारलं: “बालरोगतज्ज्ञ असतील का?” यंत्राने तो फोन केला नसता. पण खरं सांगायचं तर त्या मुलानेही केला नसता, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं की फोन करणं हा लिहिण्याचा भाग आहे. त्याला दिवसाला अमुक इतक्या पोस्ट असं सांगितलेलं होतं.

म्हणून माझी मागणी ‘माणसांकडून लिहून घ्या’ अशी नाही. माणूस आहे मी, आणि ‘छान बातमी’ मीच लिहिलं. मागणी अशी की बाहेर जाणाऱ्या प्रत्येक ठराविक वाक्यासमोर तुमच्या रजिस्टरमध्ये एका माणसाचं नाव असू द्या, आणि तो नोकरी सोडून गेला की ते वाक्य दुसऱ्याच्या नावावर चढवा, चाव्या देतो तसं. वर्षातून एकदा ती सगळी वाक्यं कुणीतरी मोठ्याने वाचू द्या. कागदावर खपलेलं बरंच काही तोंडात घेतलं की अडतं. मराठी मजकूर लिहिणाऱ्याला महिन्यातून एक दिवस तक्रारीच्या फोनवर बसवा. माझ्यासारख्या बाहेरच्यांनाही बसवा, त्या दिवसाचे पैसे नाही दिलेत तरी चालेल (हे वाक्य बिलं अडवणाऱ्यांनी गैरअर्थाने घेऊ नये). आणि जे इंग्रजीत आधी लिहायचं आणि मग रात्री साडेनऊला मराठी करायला पाठवायचं, ते निदान आजारपण, पैसे आणि मृत्यू या तीन बाबतींत थांबवा. तिथे आधी मराठीत लिहा. तुमचा ग्राहक घाबरतो तो मराठीत.

बजेट वाढवा असं मी म्हणत नाही. उलट कमी मेसेज पाठवा, पैसे वाचतील.

त्या लॅबला मी कळवलं. आधी त्यांच्या वेबसाइटवरच्या फॉर्ममधून, मग पत्ता शोधून प्रत्यक्ष जाऊन. मार्केटिंगमधली मुलगी चांगली निघाली. तिने शांतपणे ऐकलं, स्वतःच्या फोनवर तो मेसेज काढून बघितला आणि म्हणाली, “माझ्या बाबांच्या शुगरच्या रिपोर्टलाही हाच आला होता. मला तेव्हा काही वाटलं नाही, रिपोर्ट चांगला होता ना.” तिने विचारलं, बदलून काय लिहायचं? मी तिथल्या तिथे पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलं: ‘तुमचा रिपोर्ट तयार आहे. समजून घ्यायला फोन करा, सकाळी १० ते १.’ तिने बोट ठेवून अक्षरं मोजली, नाव आणि लिंक धरून दोन मेसेज होत होते. आम्ही दोघींनी अर्धा तास घालवला. मग तिनेच वर बघून विचारलं, “पण १० ते १ फोन उचलणार कोण?”

तिला त्याचं उत्तर तिच्या वरच्यांकडून आणायचं आहे. गेले सहा आठवडे ती ते आणते आहे. हे पत्र वाचणाऱ्यांत तिचे वरचे असतील तर त्यांनी फोनची सोय सावकाश करावी, हरकत नाही. तोवर पहिली ११ अक्षरं तेवढी आज काढा.

आपली,
मजकूर लिहिणारी एक बाई,
सदाशिव पेठ, पुणे ३०